नऊ सोयी आणि ती वीस मिनिटं

या आठवड्याचं पत्र नागपूरहून आलं आहे. थोडं आवरून देते:

"मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे, वय २७. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. गेल्या मे महिन्यात ते दुपारी बर्डीच्या बाजारात गेले होते. चक्कर आली म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि तिथेच आडवे झाले. साखर उतरली होती. अंगाला घाम, जीभ जड, बोलणं अडखळत होतं. लोक लांबूनच म्हणाले, 'पेऊन पडला असन, चाल.' वीस मिनिटं कोणी हात लावला नाही. शेवटी कॉलेजच्या एका पोराने त्यांच्या खिशातला बटनांचा मोबाइल काढून मला फोन लावला. तेव्हा मी नोकरी सोडली आणि मनगटावर बांधायचा पट्टा बनवायला घेतला. त्यात नऊ सोयी आहेत: नाडी, ऑक्सिजन, त्वचेचं तापमान, ईसीजी, पावलं, पडल्याची सूचना, एसओएस बटन, जीपीएस आणि अंदाजे साखर. बाबांच्या फंडातले साडेपाच लाख यात आहेत. पट्ट्याच्या साच्यासाठी हिंगण्याच्या एमआयडीसीतून चार लाखांचं कोटेशन आलंय. एक वितरक ५०० नग घ्यायला तयार आहे, पण पेटीवर 'हार्ट अटॅक येण्याआधी कळवतो' आणि 'सुई न टोचता साखर' असं लिहा म्हणतो. सगळेच लिहितात, म्हणतो. आणि ज्यांच्यासाठी केलं ते बाबाच पट्टा घालत नाहीत, चार्जिंगचा त्रास म्हणतात. काय करू?"

प्रिय मुली,

साच्याची ऑर्डर देऊ नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

मी चोवीस वर्षं विदर्भातल्या रुग्णालयांत यंत्रं दुरुस्त केली. खाटेशेजारचे मॉनिटर, सिरिंज पंप, ईसीजीची मशीनं. तेव्हापासून कुठलंही नवं यंत्र पाहिलं की मी एकच विचारते: ज्या प्रसंगासाठी हे बनलं, त्या प्रसंगात नेमकं काय घडत होतं? तुझा प्रसंग तूच इतका स्वच्छ लिहिला आहेस की मला वेगळं काही शोधावं लागलं नाही. आता तुझ्या नऊ सोयी त्या पायरीवर नेऊन ठेव. नाडी किती, ते पट्ट्याला कळलं असतं. बाबा आधी बसले, मग हळूच आडवे झाले. ते धाडकन पडले नव्हते, त्यामुळे पडल्याची सूचना बहुधा गेलीच नसती. एसओएस बटन दाबायला शुद्ध आणि बोटांत ताकद लागते. जीपीएसने तुला जागा कळली असती, पण तू तिथे पोहोचेपर्यंत वीस मिनिटं झालीच असती. आजूबाजूला माणसं होती. त्यांच्यापाशी मोबाइल होते, कोपऱ्यावर चहाची टपरी असेल, म्हणजे साखरही होती. या माणसाला दारू चढलेली नाही, साखर उतरली आहे, एवढंच त्यांना कळलं नाही. आणि हे सांगणारी एकही सोय तुझ्या नऊमध्ये नाही.

तुझ्या उपकरणाचा खरा वापरणारा तो कॉलेजचा पोरगा आहे. बाबा ते फक्त अंगावर वागवणार. अनोळखी माणूस वाकून पाहील तेव्हा दहा सेकंदांत त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: याला काय झालंय, मी काय करू, कोणाला कळवू. ते साध्य झालं तर तुझं उपकरण झालं.

हा विचार नवा नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी एका डॉक्टरांच्या मुलीला धनुर्वातावरच्या औषधाची भयंकर ॲलर्जी आली आणि ती मरता मरता वाचली. पुढे ती घराबाहेर असताना कोणी पुन्हा तेच औषध दिलं तर, या धास्तीने घरच्यांनी आधी तिच्यासोबत कागदी चिठ्ठी दिली आणि मग अक्षरं कोरलेलं चांदीचं ब्रेसलेट केलं. त्यातूनच १९५६ साली मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. तिथे बापाने लेकीसाठी केलं, इथे लेक बापासाठी करते आहे. त्या ब्रेसलेटमध्ये बॅटरी नव्हती, आणि इतक्या वर्षांनंतरही तशी ब्रेसलेट लोक घालतात.

म्हणून माझा सल्ला असा की पहिलं उत्पादन बॅटरीशिवाय कर. एक कडं.

बाबा पट्टा घालत नाहीत याचं कारण ते चार्जिंग सांगतात. मला वाटतं तेवढंच नसावं. प्लास्टिकचा काळा पट्टा मनगटावर आला की माणूस आजारी दिसतो, आणि आयुष्यभर डबल ड्युट्या केलेल्या माणसाला ते झोंबतं. कडं मात्र आपल्याकडे पुरुष हौसेने घालतात. इतवारीच्या सराफ्यात जा, कारागिरापाशी बस, चांदीत आणि स्टीलमध्ये दोन-दोन नमुने करून घे. स्टील घेशील तर ३१६एल प्रतीचं घे. हलक्या प्रतीच्या धातूतलं निकेल घामाने सुटतं, त्वचेला खाज येते, आणि मग कडं टेबलाच्या खणात जाऊन पडतं. बायकांसाठी कड्याऐवजी काय, हे त्यांनाच विचार. बांगड्यांच्या गर्दीत एक कडं दिसणारच नाही. गळ्यातलं पदक पदराखाली जातं.

कड्यावर काय कोरायचं, यात तुझे दोन महिने गेले तरी चालतील. मी असा मजकूर करून पाहिला: "मधुमेह. इन्सुलिन घेतो. शुद्धीत असेल तर साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. १०८." आणि मागे घरचा नंबर. बेशुद्ध माणसाबद्दलचं वाक्य जागा कमी पडते म्हणून गाळू नकोस. आपल्याकडे कोणी पडलं की लोक धावून तोंडात पाणी ओततात, साखर कोंबतात. ती श्वासनलिकेत गेली तर मदत करणाऱ्याच्या हातून जीव जाईल. पुढच्या बाजूची अक्षरं मराठीत की हिंदीत, यावर भांडू नकोस. बर्डीवर अनोळखी माणसाशी माणूस अर्धा वेळ हिंदीतच बोलतो, आणि देवनागरीतले 'मधुमेह', 'इन्सुलिन' हे शब्द मराठी आणि हिंदी, दोन्ही वाचणाऱ्यांना कळतात. 'शुगर' मात्र सगळ्यांत आधी कळतं. मी तर 'मधुमेह'च्या जागी 'शुगरचा पेशंट' असंच कोरीन. भाषेच्या शुद्धतेवर माझं प्रेम आहे, पण इथे तो पोरगा महत्त्वाचा.

क्यूआर कोड खुशाल टाक, पण मागच्या बाजूला आणि डॉक्टरांसाठी. औषधांची यादी, जुने आजार त्यात ठेव. पहिल्या मिनिटाचं काम त्याच्यावर टाकू नकोस. दुपारच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, नेटवर्क असेलच असं नाही, आणि कोणाच्या तरी मनगटावरचा कोड स्कॅन करायला अनोळखी माणूस कचरतो. माहिती उघडी किती आणि कुलपात किती, हे बाबांना विचारून ठरव. आजाराची माहिती ही त्यांची खासगी गोष्ट आहे, आणि तू ती सर्व्हरवर साठवलीस की २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा पाळायची तयारी तुलाही ठेवावी लागेल.

मजकूर तयार झाला की कागदी पट्टीवर छापून बाहेर पड. ऑटोवाल्यांना दाखव, चहाच्या टपरीवर दाखव, मेडिकलमधल्या पोराला, चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला. "हे एका पडलेल्या माणसाच्या हातात आहे. तुम्ही काय कराल?" एवढंच विचार आणि गप्प राहा. समजावून सांगायचा मोह होईल. आवर. तो पोरगा वाकेल तेव्हा समजावायला तू तिथे नसशील. पन्नास माणसांनंतर मजकूर आपोआप सुधारेल. कोणाला खोटं रस्त्यावर झोपवून मात्र चाचणी करू नकोस. एकदा फसलेला माणूस पुढच्या खऱ्या वेळी थांबत नाही. आणि बोलता बोलता कानावर पडेल की लोक पोलिसांच्या, कोर्टाच्या भीतीने हात लावत नाहीत. त्यांना सांग की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे, आणि रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं आहे. बाबांसारखा प्रसंग त्या कलमात बसत नाही, पण भीतीचं मूळ तिथेच आहे, म्हणून हेही बोललं पाहिजे.

आता वितरकाची दोन वाक्यं. यात मी तडजोड सुचवणार नाही.

"सुई न टोचता साखर" हे वाक्य खोटं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, लोकांना बजावलं की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही, तेव्हा असल्या आकड्यांवर विसंबू नका. तुझ्या पट्ट्यातला 'अंदाजे' आकडा नाडी आणि वयावरून काढलेला असणार. समज, पट्ट्याने २४० दाखवले आणि खरी साखर होती ९०. बाबा आकडा बघून इन्सुलिन वाढवतील. ज्या प्रसंगातून हे सगळं सुरू झालं, तोच प्रसंग तुझ्या हाताने घरात येईल. ही सोय पेटीवरून काढ, ॲपमधूनही काढ, आणि शक्य तर आज रात्रीच काढ. साखर उतरताना वाजणारं खरं उपकरण आहे. बारीक तंतू त्वचेखाली ठेवून सतत मोजणारा सेन्सर मिळतो, काहींचा एक नग चौदा दिवस चालतो. महाग आहे, पण बाबांच्या डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचार. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हेही घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे.

"हार्ट अटॅक येण्याआधी कळवतो" हेही तसंच. मनगटावरचा ईसीजी एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा. ठोक्यांची लय बिघडली तर त्यात दिसू शकते. हृदयविकाराचा झटका ओळखायला बारा लीडचा ईसीजी आणि रक्ततपासणी लागते. ॲपलसारखी कंपनीसुद्धा आपल्या घड्याळाबद्दल स्पष्ट लिहिते की ते हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. छातीत कळ आलेला एखादा माणूस तुझ्या पट्ट्याकडे बघेल, काही वाजलं नाही म्हणून गोळी घेऊन झोपेल. त्या माणसाचा विचार कर आणि वितरकाला नाही म्हण.

कायदाही इथे तुझ्या बाजूने उभा नाही. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा आहे. ज्या आजारांच्या निदानाचे आणि उपचाराचे दावे जाहिरातीत करता येत नाहीत, त्यांच्या यादीत मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. बाबांचा फंड साडेपाच लाखांचा आहे.

इलेक्ट्रॉनिक पट्टा कायमचा सोड असं मी म्हणत नाही. तो दुसरं उत्पादन म्हणून ठेव आणि त्यात एकच वचन दे. माझ्या मते पडल्याची सूचना हे ते वचन होऊ शकतं, पण त्याची किंमत समजून घे.

एका रुग्णालयात रात्री एका मॉनिटरच्या दुरुस्तीला बोलावलं होतं. "आवाज येत नाही" अशी तक्रार होती. उघडून पाहिलं तर स्पीकरवर कापसाचा बोळा, वरून चिकटपट्टी. रुग्णाला लावायच्या तारा सैल होत्या, यंत्र दर काही मिनिटांनी उगाच किंचाळायचं, आणि कोणीतरी वैतागून त्याचं तोंड बंद केलं होतं. तो बोळा मी हातात घेतला तेव्हा शेजारच्या खाटेवर एक आजी झोपल्या होत्या. त्या आजींचं नशीब चांगलं, की त्या रात्री त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून खोट्या गजराला मी छोटा दोष मानत नाही. सोपा हिशेब कर: तुझे १०० पट्टे विकले गेले आणि प्रत्येकाने आठवड्यातून एकदाच खोटी सूचना दिली, तर रोज चौदा फोन. दुसऱ्या महिन्यात तो फोन कोण उचलेल?

पडण्याची परीक्षा परदेशातून घेतलेल्या आकडेवारीवर करू नकोस. आपली माणसं जमिनीवर मांडी घालून बसतात, हात टेकून उठतात, देवासमोर लोटांगण घालतात, आरतीला टाळ्या वाजवतात, दगडावर कपडे आपटतात, स्कूटरवरून खड्ड्यात आदळतात. यातलं प्रत्येक काम यंत्राला पडल्यासारखं वाटू शकतं. मोहल्ल्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात जा, वीस-तीस जणांना हालचालींची फक्त नोंद करणारा साधा पट्टा पंधरा दिवस बांध, आणि त्यांचे खरे दिवस गोळा कर. त्याआधी मराठीत संमतीपत्र आणि एखाद्या वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. एम्स मिहानमध्ये आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला सोबत घेतलंस तर तुझ्या कामाला शिस्त लागेल.

बटन आहे म्हणून ते दाबलं जाईल असंही धरू नकोस. इंग्लंडमध्ये नव्वदीपुढच्या माणसांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मदतीचं बटन जवळ होतं, तरी पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलंच नव्हतं. कोणाच्या अंगावर नव्हतं, कोणाला त्रास द्यायचा नव्हता. हे दुसरं कारण तर मला आपल्या प्रत्येक घरातलं वाटतं.

ऑक्सिजनच्या सेन्सरबद्दल एकच सांगते. २०२० मध्ये अमेरिकेत असं आढळलं की रक्तात ऑक्सिजन कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक दाखवतो, ही चूक गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा होते. प्रकाश त्वचेतून जातो, त्वचेचा रंग त्यात आड येतो. तीही बोटाला लावायची रुग्णालयातली यंत्रं होती. सैल पट्टा, घाम आणि आपली सावळी मनगटं, यांवर तपासल्याशिवाय तो आकडा दाखवू नकोस.

आणि नागपूरचा उन्हाळा. नेहमीच्या लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या पुढे जाते. स्कूटरच्या डिक्कीत काय होत असेल! तुझा पट्टा बंगळुरूच्या एसी खोलीत नाही, इथे मेच्या दुपारी टपरीवर चार्ज करून बघ. पाण्याचंही तसंच. पाण्यापासून बचावाची आयपी ६७ ही प्रत म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात तीस मिनिटं. खारट घामाची, साबणाची, केसांच्या तेलाची परीक्षा त्यात नसते.

परवान्याचं थोडक्यात सांगते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून आजाराचं निदान किंवा देखरेख करण्यासाठी असलेली उपकरणं, त्यांचं सॉफ्टवेअरसुद्धा, त्यांच्या कक्षेत येतात. ए, बी, सी, डी असे धोक्यानुसार वर्ग आहेत. पहिल्या दोघांचा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, देतं, वरच्या दोघांचा केंद्र. तू पेटीवर उपकरणाचा उद्देश काय लिहितेस, यावर वर्ग बराच ठरतो. म्हणजे वितरकाची ती दोन वाक्यं तुला कुठल्या कुठे नेऊन ठेवतील बघ. चाचणीपुरते थोडे नग बनवायलाही एमडी-१२ अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. कड्यासकट सगळं काम कशात बसतं, ते एफडीएच्या नागपूर कार्यालयातून लेखी विचारून घे. तोंडी उत्तरावर पैसा लावू नकोस. ब्लूटूथ किंवा सिम असेल तर वायरलेसची मान्यता आणि बॅटरीची बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरोकडे) नोंदणी वेगळी.

पेटंट घ्यायचं असेल तर कोणत्याही प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता अर्ज कर. पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला आहे. कड्याच्या आकाराची डिझाइन नोंदणी स्वतंत्र होते, आणि मला तीच आधी करावीशी वाटते.

विक्री ५०० नगांनी सुरू करू नकोस. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, धरमपेठेतल्या किंवा सदरमधल्या दोन-तीन औषधांच्या दुकानांत, अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात ३० कडी वीक. कोरण्याचं काम गिऱ्हाइकासमोर होऊ दे, मजकूर त्याच्या डॉक्टरांनी तपासलेला असू दे. वेगळ्या आजाराला वेगळा मजकूर लागेल. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं आहेत, त्यांच्या आयांना हे कडं हवं असेल. मिरगीच्या रुग्णाला पायतान हुंगवणारे लोक अजून आहेत, तिथे "कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका" एवढी ओळ पुरेल. पेटीवर लिहायला मी हे सुचवते: "हे कडं आजार ओळखत नाही. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तुमच्याबद्दल सांगतं." हे वाक्य घेऊन त्या वितरकाकडे परत जा. नको म्हणाला तर दुसरा मिळेल. तीस कडी त्याच्याशिवायही विकली जातील.

फंडातले उरलेले पैसे बँकेत परत ठेव आणि पासबुक बाबांच्या हातात दे. नमुन्यांना लागतील तेवढेच, त्यांना विचारून काढ. नोकरी परत मिळत असेल तर सहा महिने अर्धवेळ तरी कर. कड्याला तुझे पूर्ण दिवस लागणार नाहीत, आणि पगार चालू असलेल्या मुलीला वितरक दबावात घेऊ शकत नाही.

उद्या सकाळी, कड्याच्याही आधी, जाड पुठ्ठ्यावर तोच मजकूर लिहून बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेव, सोबत साखरेची पुडी. पहिलं कडं त्यांना घाल. तीन आठवड्यांनी मला कळव, ते किती वेळा उतरवलं आणि का. कारण त्यांच्याच शब्दांत लिही, तुझ्या नको.